आकृतीतल्या झाकलेल्या जागा : व्यवसाय-प्रक्रियेचे मॉडेल प्रत्यक्ष चालते करताना

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. आरोग्य विम्याचे दावे हाताळणाऱ्या एका कंपनीत व्यवसाय विश्लेषकांनी कॅशलेस मंजुरीच्या प्रक्रियेची बीपीएमएनमध्ये, म्हणजे प्रक्रियांच्या आकृत्या काढण्याच्या प्रमाणित चिन्हभाषेत, आकृती काढली, विभागप्रमुखांनी तिला मान्यता दिली, आणि आता ‘हीच फाइल इंजिनमध्ये टाका आणि प्रक्रिया चालू करा’ असे तांत्रिक गटाला सांगण्यात आले आहे. (इंजिन म्हणजे आकृती वाचून तिच्यातली कामे क्रमाने चालवणारे सॉफ्टवेअर.) असे थेट करता येते का, आणि येत नसेल तर काम कुठून सुरू करावे?

बँका आणि विमा कंपन्यांसाठी हेच काम मी बरीच वर्षे करत आलो आहे, त्यामुळे आधी सरळ उत्तर देतो. फाइल इंजिनमध्ये जाईल, कदाचित तक्रार न करता डिप्लॉयही होईल, म्हणजे चालवण्यासाठी बसवलीही जाईल, पण चालेल ती तुमची प्रक्रिया नसेल. मान्यतेसाठी काढलेल्या आकृतीत अनेक गोष्टी मुद्दाम आणि योग्य कारणाने झाकलेल्या असतात, कारण विभागप्रमुखांना त्या पाहायच्या नसतात. इंजिनला मात्र झाकलेली जागा चालत नाही. ती कोणीतरी भरावीच लागते, आणि कोणी भरायची हे आधी ठरले नसेल तर ती शेवटी प्रोग्रॅमरच्या अंदाजाने भरली जाते. मी पाहिलेले बहुतेक बिघाड तंत्रज्ञानातून आले नव्हते, ते या अंदाजांतून आले होते.

यामागचा थोडा इतिहास उपयोगाचा आहे. बीपीएमएनची पहिली आवृत्ती २००४ साली आली तेव्हा ती प्रामुख्याने आकृती काढण्याची भाषा होती, आणि प्रक्रिया चालवण्यासाठी बीपीईएल ही वेगळी भाषा होती. आयबीएम, मायक्रोसॉफ्ट आणि बीईए यांनी ती २००२ मध्ये पुढे आणली आणि २००७ मध्ये ओएसिस या मानके ठरवणाऱ्या संस्थेने तिच्या २.० आवृत्तीला मानक म्हणून मान्यता दिली. आकृतीत बाण कुठूनही कुठेही जाऊ शकतो, तर बीपीईएलची रचना मुख्यतः एकात एक बसणाऱ्या ठोकळ्यांची होती, त्यामुळे एका भाषेतून दुसरीत जाताना मागे वळणारे बाण हमखास अडायचे आणि रूपांतरानंतरचा मजकूर विश्लेषकाला ओळखूही येत नसे. जानेवारी २०११ मध्ये ओएमजी या मानक-संस्थेने बीपीएमएन २.० प्रसिद्ध केले, त्यात आकृतीतल्या बहुतेक चिन्हांचा चालण्याच्या दृष्टीने अर्थ ठरवून दिला आणि फाइलचा नमुनाही निश्चित केला, त्यामुळे भाषांतराचा प्रश्न जवळपास संपला. पण बीपीईएलमध्ये एक चांगली गोष्ट होती, जी आपण विसरलो आहोत. त्या भाषेत ‘अमूर्त प्रक्रिया’ लिहिता येत असे आणि तिच्यात जिथे तपशील राखून ठेवला आहे तिथे ‘ओपेक’, म्हणजे अपारदर्शक, असा शिक्काच मारता येत असे. इथे काहीतरी झाकले आहे हे कागदावरच दिसायचे. आजच्या आकृतीत झाकलेली जागा आणि भरलेली जागा सारखीच दिसते.

म्हणून माझी पहिली सूचना अशी, की इंजिन उघडण्याआधी आकृती मोठ्या कागदावर छापून घ्या आणि लाल पेनाने प्रत्येक झाकलेल्या जागेवर खूण करा. प्रत्येक खुणेपुढे एक प्रश्न आणि त्याचे उत्तर देण्याचा अधिकार कोणाला आहे, त्या पदाचे नाव लिहा. व्यक्तीचे नाव नको, पद हवे. हा कागद तयार झाला की कामाचा खरा आकार कळतो आणि अंदाजपत्रकही प्रामाणिक होते. तुमच्या प्रक्रियेत अशा जागा कुठे असतील ते पुढे सांगतो.

सर्वांत महत्त्वाची जागा घड्याळाची आहे. विमा नियामक प्राधिकरणाच्या, म्हणजे इर्डाईच्या, २९ मे २०२४ च्या परिपत्रकानुसार कॅशलेसच्या विनंतीवर जास्तीत जास्त एका तासात निर्णय द्यायचा आहे, आणि डिस्चार्जच्या वेळी रुग्णालयाची विनंती मिळाल्यापासून तीन तासांच्या आत अंतिम मंजुरी द्यायची आहे. विश्लेषक काय करतो, तर ‘वैद्यकीय तपासणी’ या चौकटीच्या कडेला टायमरचे छोटे वर्तुळ चिकटवतो आणि त्यावर ‘१ तास’ असे लिहितो. मान्यतेच्या बैठकीत ते अगदी बरोबर वाटते. आता इंजिन त्याचा अर्थ कसा घेते ते पाहा. चौकटीच्या कडेचा टायमर ती चौकट सुरू झाल्यापासून मोजायला लागतो. त्याआधी नोंदणी, पॉलिसीची पडताळणी आणि कागदपत्रांची छाननी यांत पस्तीस मिनिटे गेली असतील, तर तुमचा एक तास प्रत्यक्षात पंचाण्णव मिनिटांचा होतो. आकृती बरोबर, इंजिन बरोबर आणि तरीही नियम मोडलेला.

यावर उपाय असा, की कालावधी न देता मुदतीचा क्षण द्यावा. विनंती रुग्णालयाकडून पोर्टलवर पोहोचली त्या क्षणात एक तास मिळवून मुदत काढावी, ती प्रकरणाबरोबरच ठेवावी, आणि टायमर एखाद्या चौकटीला न चिकटवता संपूर्ण प्रक्रियेला लागू होणाऱ्या घटना-उपप्रक्रियेत (ठरलेली घटना घडताच सुरू होणाऱ्या उपभागात) त्या क्षणावर लावावा. पोहोचण्याची वेळ प्रक्रिया सुरू करणाऱ्या संदेशातच आली पाहिजे. इंजिनमध्ये प्रकरण जन्माला आल्याची वेळ घेतली, तर ज्या दिवशी संदेशांची रांग वीस मिनिटे तुंबेल त्या दिवशी तुमच्या अहवालात सगळे वेळेत दिसेल आणि रुग्णाचे नातेवाईक मात्र बिलिंगच्या खिडकीपाशी उभे असतील. सर्व्हर सहसा युटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाण वेळेवर, चालतो आणि आपले घड्याळ साडेपाच तास पुढे आहे हेही इथेच सांभाळावे लागते, म्हणून वेळ लिहिताना तिच्यासोबत टाइमझोन नेहमी लिहावा.

घड्याळाबाबत आणखी दोन प्रश्न आहेत आणि त्यांची उत्तरे तांत्रिक गटाने स्वतः देऊ नयेत. रुग्णालयाला क्वेरी, म्हणजे खुलासा मागणारा प्रश्न, पाठवली तर तिचे उत्तर येईपर्यंत घड्याळ थांबते की चालूच राहते? आणि तास उलटला तर नेमके काय व्हायचे? पहिल्याचे उत्तर नियमपालन विभागाने परिपत्रक समोर ठेवून लेखी द्यावे. दुसऱ्याबद्दल एक अनुभव सांगतो. एका ठिकाणी टायमरचे वर्तुळ अखंड रेषेचे काढलेले होते, म्हणजे वेळ संपताच मूळ काम रद्द करणारे. तास उलटला की डॉक्टरांच्या पडद्यावरून अर्धवट तपासलेले प्रकरण नाहीसे व्हायचे, ते वरिष्ठांच्या यादीत जायचे, आणि वरिष्ठ ते पुन्हा पहिल्या पानापासून वाचायला घ्यायचे. उशीर टाळण्यासाठी लावलेला टायमर उशीर वाढवत होता. वर्तुळ तुटक रेषेचे केले, म्हणजे मूळ काम चालू ठेवून वरिष्ठांना फक्त इशारा जाऊ लागला, शिवाय चाळिसाव्या मिनिटाला आणखी एक इशारा ठेवला, आणि तक्रार मिटली. रेषा अखंड की तुटक एवढाच फरक होता, पण मान्यतेच्या सहीआधी तो प्रश्न कोणीच विचारलेला नव्हता.

दुसरी महत्त्वाची जागा म्हणजे बाहेरून येणारे उत्तर कोणत्या प्रकरणाला जोडायचे ही. आकृतीत ‘रुग्णालयाचे उत्तर आले’ असे लिफाफ्याचे चिन्ह असते आणि ते पुरेसे वाटते. इंजिनमध्ये त्या क्षणी शेकडो प्रकरणे उत्तराची वाट पाहत असतात, तेव्हा आलेला लिफाफा कोणाचा हे ओळखण्यासाठी जुळवणीची किल्ली लागते. बहुतेक जण पॉलिसी क्रमांक निवडतात. आता असे पाहा, की कुटुंबाची एकच फ्लोटर (सर्वांना मिळून एकच विमा रक्कम असलेली) पॉलिसी आहे आणि बाप व मुलगा दोघेही डेंग्यूने एकाच रुग्णालयात एकाच दिवशी दाखल झाले आहेत. पॉलिसी क्रमांक एकच, रुग्णालय एकच, तारीख एकच. मुलाचा प्लेटलेट्सचा अहवाल बापाच्या प्रकरणाला जोडला जाईल आणि हे कोणाच्या लक्षातही येणार नाही, कारण इंजिनच्या दृष्टीने चूक झालेलीच नाही. सदस्य क्रमांक घेतला तरी भागत नाही, कारण रुग्णालयातल्या एकाच मुक्कामात आधी प्राथमिक मंजुरी आणि नंतर वाढीव रकमेची मागणी अशा दोन विनंत्या चालू असू शकतात. किल्ली विनंतीचीच हवी. ती आपण तयार करावी, रुग्णालयाला पाठवलेल्या प्रत्येक क्वेरीत छापावी आणि उत्तरात ती परत यावी अशी पोर्टलवर सक्ती करावी. ईमेलने येणारी उत्तरे किल्लीविना येतात. ती माणसाकडे जुळवणीसाठी जातील अशी वेगळी वाट ठेवावी, आणि ती वाट आकृतीत दिसली पाहिजे.

उत्तर आपण वाट पाहायला लागण्याआधीच आले तर काय, हाही प्रश्न इथलाच. रुग्णालये चपळ असतात. क्वेरीचे पत्र गेले आणि इंजिन पुढच्या टप्प्यावर पोहोचण्याआधी उत्तर येऊन धडकले, असे मी प्रत्यक्ष पाहिले आहे. काही इंजिने संदेश ठरावीक काळ राखून ठेवतात, काही लगेच नाकारतात. तुमचे कोणते करते ते प्रयोग करून पाहा.

आता बाण आणि चौकोनी हिरे, म्हणजे वाटा फुटण्याच्या किंवा जुळण्याच्या जागा दाखवणारे गेटवे. विश्लेषक आकृतीत ‘मंजूर’, ‘नामंजूर’ आणि ‘क्वेरी’ असे तीन बाण काढतो. चौथी शक्यता आलीच, समजा निर्णयाचा रकानाच रिकामा राहिला, तर बीपीएमएनच्या व्याख्येप्रमाणे एकही अट खरी नसताना आणि डिफॉल्ट, म्हणजे ‘बाकी सर्वांसाठी’ असा, बाण नसताना तो अपवाद ठरतो आणि प्रकरण तिथेच अडकते. म्हणून प्रत्येक गेटवेला डिफॉल्ट बाण द्यावा आणि तो माणसाकडे न्यावा, चुकूनही मंजुरीकडे नेऊ नये. याहून छुपी चूक वाटा एकत्र येतात तिथे असते. पॉलिसीची पडताळणी आणि वैद्यकीय छाननी या समांतर वाटा साध्या, एकाच वाटेच्या गेटवेने जोडल्या, तर पुढचे सगळे दोनदा चालते. एका रुग्णालयाला एकाच रुग्णाची दोन मंजुरीपत्रे मिळाली होती, त्याचे कारण इतकेच होते. उलट, ‘हे किंवा ते’ अशी फुटलेली वाट समांतर गेटवेने जोडली, तर कधीच न येणाऱ्या दुसऱ्या शाखेची वाट पाहत प्रकरण कायमचे थांबते. कागदावर दोन्ही आकृत्या देखण्या दिसतात.

या चुका डोळ्यांनी शोधण्याची गरज नाही. संगणकशास्त्रज्ञ विल व्हॅन डर आल्स्ट यांनी १९९० च्या दशकात पेट्री-जाळी या गणिती आराखड्याच्या आधारे ‘साउंडनेस’ची, म्हणजे प्रक्रियेच्या निर्दोषपणाची, व्याख्या मांडली. प्रकरण कुठेही पोहोचले तरी तिथून शेवटाला जाता आले पाहिजे, शेवटाला पोहोचल्यावर मागे काही रेंगाळत राहू नये, आणि कधीच न चालणारी चौकट आकृतीत असू नये, अशा त्या तीन अटी आहेत. ही तपासणी आपोआप करणारी साधने मिळतात. डिप्लॉय करण्याआधी ती चालवण्याची सक्ती करावी, असे माझे ठाम मत आहे.

आडव्या पट्ट्यांबद्दल, म्हणजे लेनबद्दल, थोडक्यात सांगतो. ‘वैद्यकीय अधिकारी’ अशी लेन काढली म्हणून काम त्या अधिकाऱ्याकडे जात नाही. लेनला चालण्याच्या दृष्टीने बीपीएमएनने कोणताही अर्थ दिलेला नाही. काम कोणत्या गटाला दिसेल, कोणी उचलले की इतरांना दिसणे बंद होईल, उचलणारा जेवायला गेला तर किती मिनिटांनी ते परत यादीत येईल, ठरावीक रकमेच्या वर दुसरी सही कोणाची, आणि पहिली सही करणाऱ्यालाच दुसरी करता येणार नाही याची खात्री कशी, हे सगळे वेगळे लिहावे लागते. रात्रपाळीचा प्रश्न नक्की विचारा, कारण आकृती नेहमी दिवसपाळीची असते.

नियम बाणांमध्ये लिहू नयेत. पूर्व-विद्यमान आजारांचा प्रतीक्षा काळ, खोलीभाड्याची मर्यादा, सह-भरणा, उपमर्यादा यांच्यासाठी आकृतीत एकामागून एक गेटवे काढले, तर तीन महिन्यांत ती वाचणे अशक्य होते. हे सर्व डीएमएनच्या (निर्णयाचे नियम लिहिण्याच्या मानकाच्या) निर्णय-तक्त्यात ठेवावे आणि आकृतीत त्याची एकच चौकट असावी. कारण साधे आहे. प्रक्रिया सावकाश बदलते आणि नियम पटकन बदलतात. पूर्व-विद्यमान आजारांसाठीच्या प्रतीक्षा काळाची कमाल मर्यादा २०२४ मध्ये ४८ महिन्यांवरून ३६ महिन्यांवर आणली गेली. ज्यांनी ४८ हा आकडा बाणावरच्या अटीत लिहिला होता त्यांना संपूर्ण प्रक्रियेची नवी आवृत्ती काढावी लागली, आणि ज्यांनी तो तक्त्यात ठेवला होता त्यांना तक्त्याची. तक्त्यात पॉलिसीच्या अटी कधीपासून लागू आहेत याचा रकाना पहिल्या दिवसापासून ठेवा, म्हणजे जुने आणि नवे नियम शेजारी शेजारी नांदतात. तक्त्याचे ‘हिट धोरण’ही, म्हणजे एकाहून जास्त ओळी लागू पडल्या तर काय करायचे तेही, विचारपूर्वक निवडा. शक्यतो ‘एकमेव’ घ्या, म्हणजे दोन ओळी एकाच वेळी लागू पडल्या तर इंजिन तक्रार करते. ‘पहिली लागू होणारी’ हे धोरण घेतले की ओळींचा क्रम हाच एक छुपा नियम होऊन बसतो, आणि कोणीतरी नवी ओळ सहज वर घातली की जुन्या निर्णयाचा अर्थ बदलतो.

आता बिघाडाबद्दल, कारण आकृतीत सर्वांत जास्त झाकलेला भाग तोच असतो. दोन प्रकार काटेकोरपणे वेगळे ठेवा. पॉलिसीच्या सिस्टीमने उत्तरच दिले नाही, हा तांत्रिक बिघाड झाला. त्यासाठी इंजिनचा रिट्राय, म्हणजे आपोआप पुन्हा प्रयत्न, आहे, आणि तो आकृतीत काढू नये. सिस्टीमने उत्तर दिले आणि पॉलिसीची मुदत संपलेली निघाली, ही व्यवसायातली घटना झाली. तिच्यासाठी आकृतीत वेगळी वाट हवी, आणि त्या वाटेवर कोणते पत्र जाते हे व्यवसायाने ठरवायचे. हे दोन्ही एकाच ‘एरर’मध्ये कोंबले, की मुदत संपलेल्या पॉलिसीसाठी इंजिन तीन वेळा रिट्राय करत बसते आणि बंद पडलेल्या सर्व्हरसाठी रुग्णालयाला नामंजुरीचे पत्र जाते.

रिट्राय म्हटले की पुनरावृत्ती आलीच. कॅमुंडा या प्रक्रिया-इंजिनाच्या सातव्या आवृत्तीसारख्या इंजिनात एका थांब्यापासून (म्हणजे प्रकरण जतन होते त्या जागेपासून) पुढच्या थांब्यापर्यंतचे सगळे टप्पे एकाच व्यवहारात, म्हणजे सगळे किंवा काहीच नाही अशा पद्धतीने, चालतात. तिसऱ्या टप्प्यावर चूक झाली, तर इंजिन पहिल्या थांब्यावर परत जाते, पण पहिल्या टप्प्याने बाहेर पाठवलेले पत्र परत येत नाही. पुढच्या प्रयत्नात तेच पत्र पुन्हा जाते. कॅमुंडाच्या आठव्या आवृत्तीतल्या झीबी या इंजिनातही एखादे काम ‘किमान एकदा’ होण्याची हमी असते, नेमके एकदाच होण्याची नसते. म्हणून बाहेरच्या जगावर परिणाम करणाऱ्या प्रत्येक सेवेने विनंतीची किल्ली पाहून ‘हे मी आधीच केले आहे’ असे ओळखले पाहिजे, आणि अशा प्रत्येक टप्प्याआधी प्रकरण जतन होण्याचा थांबा ठेवला पाहिजे.

काही परिणाम उलटवावेही लागतात. मंजुरी दिली की विमा रकमेतला तेवढा भाग राखून ठेवला जातो. रुग्ण दाखलच झाला नाही, शस्त्रक्रिया पुढे ढकलली, तर ती रक्कम मोकळी करावी लागते, नाहीतर त्याच कुटुंबातल्या दुसऱ्या रुग्णाला ‘रक्कम शिल्लक नाही’ असे उत्तर जाते. संगणकशास्त्रज्ञ गार्सिया-मोलिना आणि सालेम यांनी १९८७ मध्ये ‘सागा’ नावाने हीच कल्पना मांडली होती. दीर्घ व्यवहार मागे घेता येत नाही, म्हणून त्याच्या प्रत्येक पावलासाठी एक भरपाईचे पाऊल आधीच ठरवून ठेवायचे. लाल पेनाच्या कागदावर प्रत्येक बाह्य परिणामासमोर त्याचे उलट पाऊल लिहा. पत्राचे उलट पाऊल पत्र मागे घेणे हे नसते, रद्द झाल्याचे दुसरे पत्र हे असते, आणि त्या पत्राचा मजकूर कायदा विभागाकडून लागतो.

प्रकरणासोबत काय वाहून न्यायचे, याबाबत कंजूष राहा. किल्ली, मुदत, निर्णय आणि निर्णयाला लागणारे मोजके आकडे पुरेत. स्कॅन केलेले अहवाल प्रक्रियेच्या व्हेरिएबलमध्ये, म्हणजे प्रकरणासोबत इंजिनात साठणाऱ्या माहितीत, ठेवू नका, त्यांचा फक्त पत्ता ठेवा. इंजिनच्या इतिहासात रुग्णाचे निदान वर्षानुवर्षे पडून राहणे हे २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियमानंतर तर अजिबात परवडणारे नाही.

हे सर्व भरल्यावर विभागप्रमुखांची आकृती आणि चालणारी आकृती अशा दोन फाइली ठेवाव्यात का, असे नेहमी विचारले जाते. मी एकच फाइल ठेवतो. तांत्रिक तपशील चिन्हांच्या गुणधर्मांत जातो, चित्रात येत नाही, आणि जिथे चित्रच वाढणार असेल तिथे वेगळी प्रक्रिया करून तिला बोलावणारी एक चौकट वर ठेवतो. दोन फाइली ठेवल्या, तर सहा महिन्यांत त्या एकमेकींना ओळखत नाहीत, आणि भिंतीवर लावलेली आकृती खोटी आहे हे पहिल्यांदा लेखापरीक्षकाला कळते. फक्त एक पथ्य पाळावे लागते : घड्याळाची रेषा तुटक केली, नवी वाट काढली, असा दिसणारा कोणताही बदल विश्लेषकाला शेजारी बसवून करायचा.

चाचणीसाठी बनावट उदाहरणे तयार करत बसू नका. दप्तरातून वीस बंद झालेली जुनी प्रकरणे मागून घ्या. त्यांत वादग्रस्त, उशिरा सुटलेली आणि रात्री आलेली असावीत. त्यांतली नावे व ओळख काढून टाका, इंजिनचे घड्याळ कृत्रिमरीत्या पुढे सरकवत त्यांना नव्या प्रक्रियेतून चालवा आणि प्रत्येक ठिकाणी मिळालेला निर्णय जुन्या निर्णयाशी ताडून पाहा. जिथे फरक येईल तिथे लगेच दुरुस्ती करू नका. आधी त्या टेबलावर पूर्वी बसणाऱ्या कारकुनाला विचारा. बहुतेक वेळा एखादा नियम त्या कारकुनाच्या वहीत असतो आणि आकृतीत नसतो.

चालू झाल्यानंतर नवी आवृत्ती आली, की आधीच सुरू असलेली प्रकरणे सहसा जुन्याच आवृत्तीवर पुढे चालतात. कॅशलेसचे प्रकरण काही दिवसांत संपते, म्हणून ती जुन्या वाटेने संपू द्यावीत, मधूनच स्थलांतर करू नये. अपवाद एकच, नियामकाचा बदल चालू प्रकरणांनाही लागू असेल तेव्हा. तशा वेळी स्थलांतरानंतर टायमर नव्याने मोजायला लागतो की जुनीच मुदत राखतो, हे तुमच्या इंजिनवर आधी दोन-चार प्रकरणांवर तपासा आणि मगच बाकीची हलवा. मुदतीचा क्षण प्रकरणासोबतच जपलेला असेल, तर तो ताडून पाहणे सोपे जाते.